गावच्या रेडिओवरचं बेसबॉल आणि बूथमध्ये मागे बसणारा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका लहान गावात राहणाऱ्या एका ताईंच्या शेजारी ऐंशी पार केलेले एक आजोबा आहेत, ते तिथल्या एएम रेडिओ स्टेशनला इंजिनिअर होते आणि उन्हाळ्यात बेसबॉलच्या मॅचेसचं काम बघायचे. गराजमध्ये टेपांची खोकी पडलीयेत. ताईंना त्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्यात, पण बोलायचं काम तर कॉमेंटेटरचं, मग इंजिनिअर तिथे करायचा काय आणि त्यांना विचारायचं तरी काय, हे कळत नाहीये.

ताई, मी मिडवेस्टमधल्या अशाच लहान स्टेशनांची इंजिनिअरिंगची कामं वर्षानुवर्षं केलीयेत आणि त्याच्याआधी पुण्यात बाळ ज. पंडितांची क्रिकेटची मराठी कॉमेंटरी कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकत मोठा झालोय, म्हणून हा विषय निघाला की मला थोडक्यात सांगता येत नाही. वेळ काढून वाचा.

आधी मुख्य गोष्ट. काय झालं ते कॉमेंटेटर सांगतो, पण मैदान ऐकवतो तो इंजिनिअर. बेसबॉलमध्ये बॉल खरोखर हलत असतो तो वेळ फार थोडा, बाकी सगळा वेळ पिचर (बॉल टाकणारा) माती चाचपतोय, बॅटर ग्लोव्ह घट्ट करतोय, कॅचर (बॅटरमागे बसून बॉल पकडणारा) खुणा करतोय. तीन तासांच्या मॅचमध्ये माणूस बोलून बोलून किती बोलणार? तो गप्प झाला की रेडिओवर काय उरतं, तर लोकांची गुणगुण, लांबून येणारी शेंगदाणेवाल्याची हाळी, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बॉल बसल्याचा धप्प आवाज. तेवढं नीट आलं तर ऐकणारा पोर्चमध्ये बसून मॅच बघत असतो, आणि ते नसलं तर एक माणूस बंद खोलीत बडबडतोय असं वाटतं. हा फरक ज्याच्या हातात असायचा तो म्हणजे तुमचे आजोबा.

त्यासाठी क्राउड माइक, म्हणजे मैदानाचा आणि लोकांचा आवाज धरणारे माइक, वेगळे लागतात. कमीत कमी एक कॉमेंटरी बूथच्या खिडकीबाहेर, फोम चढवून, आणि जमलं तर दुसरा खाली होम प्लेटमागच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेमागच्या) जाळीजवळ, बॅटचा टक्क आवाज धरायला. ऐकायला सोपं वाटतं पण जागा शोधण्यात सगळं कसब आहे. मैदानातल्या पीए (अनाउन्समेंटच्या) स्पीकरच्या तोंडासमोर लावला की ऑर्गन आणि अनाउन्समेंट दुप्पट घुमून येते, पहिल्या रांगेच्या फार जवळ लावला की एखाद्या तापलेल्या प्रेक्षकाने अंपायरला घातलेल्या शिव्या थेट लोकांच्या स्वयंपाकघरात, आणि वारा कुठून येतो ते बघितलं नाही तर तीन तास नुसता फरफर आवाज. लहान मैदानांवर तर बूथखालीच पॉपकॉर्नचं मशीन किंवा कंप्रेसर असतो. प्रत्येक मैदानावरची माइकची जागा जुन्या इंजिनिअरांना पाठ असायची, कुठला खांब, कुठल्या बाजूला, किती उंचीवर.

आणि मग हात. मिक्सरवर क्राउडचा एक नॉब असतो, त्याच्यावर बोटं ठेवूनच बसायचं. पिचरने वाइंडअप घेतला, म्हणजे बॉल टाकायला हात मागे नेला, की क्राउड जरासा वर, एवढासाच, कोणाला कळणार नाही इतका, म्हणजे बॅट लागली तर तो टक्क आवाज स्वच्छ येतो आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने कॉमेंटेटर ओरडतो. ऐकणाऱ्याला त्या टक्क वरूनच कळलेलं असतं की बॉल लांब गेला. चांगल्या इंजिनिअरला कॉमेंटेटरचा श्वाससुद्धा ओळखू येतो, तो ओरडायच्या आधी जसा श्वास घेतो त्यावरून माइकचं लेव्हल खाली घ्यायचं, नाहीतर होम रनच्या (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखा फटका) नेमक्या क्षणी आवाज फाटतो. त्यात अजून एक भानगड असते, स्टेशनवरचा ऑडिओ प्रोसेसर, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारं यंत्र. कॉमेंटेटर गप्प बसला की प्रोसेसरला वाटतं आवाज पडला, मग तो आपणहून गेन वाढवत नेतो आणि ती हळुवार गुणगुण एकदम धबधब्यासारखी होते, आणि पुन्हा बोलणं सुरू झालं की क्राउड खाली दबतो. हा वर-खाली हेलकावा टाळायचा म्हणजे मैदानावर बसून, इथे मी वाढवलं तर तिकडे प्रोसेसर काय करेल याचा अंदाज सतत डोक्यात ठेवून मिक्स करायचा. हे कुठल्या पुस्तकातून येत नाही, घरी जाऊन टेप ऐकून येतं.

आता आवाज मैदानावरून स्टेशनपर्यंत जायचा कसा? माझ्या मते आजोबांना सगळ्यात जास्त बोलतं करेल असा विषय हाच. मोठ्या शहरात टेलिफोन कंपनीकडून प्रोग्रॅम लाइन (रेडिओसाठीची खास लाइन) मिळायची, बरेच आठवडे आधी ऑर्डर द्यायची, आणि ती इक्वलाइज करून घ्यायची म्हणजे ५ किलोहर्ट्झपर्यंत आवाज सपाट जातो. गावाला त्याचे पैसे परवडायचे नाहीत. मग साधी टेलिफोनची लाइन, जिच्यातून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे पोचतं. घाईच्या वेळी तर रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूची टोपी फिरवून काढायची, आतली कार्बनची कॅप्सूल बाहेर, आणि मिक्सरच्या आउटपुटच्या दोन मगर-क्लिपा आतल्या संपर्कपट्ट्यांना चावायला लावायच्या. मी स्वतः केलंय हे, हायस्कूलच्या मैदानावर, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि पलीकडून स्टेशनवरचा बोर्ड ऑपरेटर 'येतंय, येतंय' म्हणाला की जो आनंद व्हायचा तो मला नंतर महागड्या मशिनांनी दिला नाही.

साध्या फोनलाइनवर आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा कारण खालचे स्वर कापले जायचे. त्यावर फ्रीक्वेन्सी एक्स्टेंडर नावाची एक सुंदर युक्ती निघाली, कॉमरेक्स कंपनीच्या पेट्या त्यात प्रसिद्ध. मैदानावरची पेटी सगळा आवाज २५० हर्ट्झने वर सरकवते, म्हणजे ५० हर्ट्झचा खालचा स्वर ३०० वर जाऊन फोनच्या दारातून आत शिरतो, आणि स्टेशनवरची दुसरी पेटी तेवढाच पुन्हा खाली आणते. वरचे थोडे स्वर जातात पण माणसाच्या आवाजातली छाती परत येते. ज्याने दोन्ही ऐकलंय त्याला हा फरक कधी विसरता येणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे मार्टी. टेक्सासमधल्या क्लीबर्नच्या जॉर्ज मार्टी यांनी बनवलेला छोटा ट्रान्समीटर, अमेरिकेतल्या गावोगावच्या स्टेशनांमध्ये इतका पसरला की रिमोट (स्टेशनबाहेरून प्रक्षेपण) करायला निघालं की लोक 'मार्टी घेतलास ना?' असंच विचारायचे. बूथच्या छतावर एका पाइपला यागी अँटेना बांधायची, स्टेशनच्या टॉवरकडे तोंड करायची, आणि मध्ये धान्याची कोठारं किंवा टेकडी आली की पाइप फूट-फूट उचलत बघायचं. नव्वदच्या दशकात आयएसडीएन, म्हणजे डिजिटल फोनलाइन आली, ६४ किलोबिटचे दोन चॅनेल जोडून १२८ मध्ये जवळजवळ स्टुडिओसारखा आवाज, आणि मग २००० नंतर इंटरनेटवरून आवाज पाठवणारे कोडेक. कोडेकबद्दल फार लिहीत नाही, ते आजही सगळीकडे आहेत आणि त्यात आठवण ठेवण्यासारखं कमी आहे.

सूर्यास्ताबद्दल मात्र नक्की विचारा. एएमच्या बाबतीत दिवस आणि रात्र या दोन वेगळ्या दुनिया आहेत. दिवसा वातावरणातला डी थर एएमच्या लहरी शोषून घेतो म्हणून स्टेशन आपल्या परिसरापुरतं राहतं, रात्री तो थर विरला की लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो मैल लांब पडतात आणि एकमेकांच्या अंगावर जातात. म्हणून बऱ्याच लहान स्टेशनांना रात्री पॉवर कमी करावी लागते किंवा अँटेनाचा पॅटर्न बदलावा लागतो, आणि त्याची वेळ लायसनवर महिन्याप्रमाणे लिहिलेली असते, पाव तासाच्या हिशोबात. जुलैत तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. मॅच सातला सुरू झालेली. म्हणजे नऊपैकी चौथी-पाचवी इनिंग चाललीय, बेसवर दोन रनर आहेत, आणि इंजिनिअरला पॉवर उतरवावीच लागते, लगेच गावाबाहेरच्या शेतांवर आवाज खरखरायला लागतो आणि स्टेशनचा फोन वाजायला लागतो. लोक चिडायचे, त्यांना वाटायचं मुद्दाम केलं. शेतकरी म्हणायचे उरलेली मॅच ट्रकमध्ये बसून टेकडीवर जाऊन ऐकतो. काही ठिकाणी तर अर्धं गाव ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या रेडिओवरच मॅच ऐकायचं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मोठी ५० हजार वॅटची स्टेशनं, ज्यांना रात्र म्हणजे पर्वणी. सेंट लुइसचं केएमओएक्स, ११२० किलोहर्ट्झवर, तिथल्या कार्डिनल्स टीमच्या मॅचेस. १९५५ पर्यंत मेजर लीगचं (बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगचं) सगळ्यात पश्चिमेकडचं शहर सेंट लुइसच होतं, त्यामुळे त्याच्या पलीकडे आणि खाली दक्षिणेकडे केवढाल्या मुलुखात लोकांची टीम कार्डिनल्सच, कारण रात्री तेच ऐकू यायचे. मैदान आयुष्यात बघितलेलं नाही पण तिथले कॉमेंटेटर हॅरी कॅरे आणि जॅक बक यांचा आवाज घरातला, अशी माणसं मला भेटलीयेत. लहान स्टेशनंही मोठ्या टीमच्या नेटवर्कवर असायची, म्हणजे तिची कॉमेंटरी घेऊन पुढे सोडायची, तिथे इंजिनिअर मैदानावर जायचा नाही पण स्टेशनच्या बोर्डवर एक पोरगा बसलेला असायचा, बहुतेक वेळा हायस्कूलमधला. कॉमेंटेटरने नेटवर्कचं ठरलेलं वाक्य म्हटलं की याने गावातल्या बियाण्याच्या दुकानाची जाहिरात सोडायची, दोन मिनिटांत परत यायचं, दर तासाला स्टेशनचं नाव आणि गाव सांगायचं, आणि पाऊस आला तर बेंबीच्या देठापासून प्रार्थना करायची की लवकर थांबू दे. कितीतरी मोठे कॉमेंटेटर आणि इंजिनिअर या खुर्चीतून आलेत, त्या पोराला मी कधीच कमी लेखत नाही.

थोडा इतिहास, कारण आजोबांचं काम कुठून आलं ते त्याशिवाय कळत नाही. मेजर लीगची पहिली मॅच रेडिओवर गेली ५ ऑगस्ट १९२१ ला, पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनवरून, मैदान फोर्ब्स फील्ड, पिट्सबर्गच्या पायरेट्सने फिलाडेल्फियाच्या फिलीजला ८-५ ने हरवलं. बोलणारा माणूस हॅरल्ड आर्लिन, दिवसा वेस्टिंगहाउसमध्ये नोकरी करणारा तांत्रिक माणूस, आणि माइक म्हणजे टेलिफोनचंच बदल करून बनवलेलं यंत्र. म्हणजे बघा, रेडिओवर बेसबॉल पहिल्यांदा सांगितलं ते तंत्राच्या बाजूच्या माणसानेच.

त्यानंतरची काही दशकं बाहेरगावच्या मॅचेसना टीमबरोबर माणूस पाठवणं परवडायचं नाही. मग री-क्रिएशन. मैदानावरून वेस्टर्न युनियनचा माणूस तारेने प्रत्येक पिच कळवायचा, अगदी त्रोटक, 'एस वन सी' म्हणजे पहिला स्ट्राइक, कॉल्ड (बॅटरने बॅट न फिरवता अंपायरने दिलेला). स्टुडिओत ऑपरेटर ते टाइप करून चिठ्ठी काचेखालून सरकवायचा आणि कॉमेंटेटर त्याच्यावर मॅच उभी करायचा. इथे इंजिनिअर म्हणजे अख्खं स्टेडियम. ग्रामोफोनवर क्राउडची तबकडी, चांगला फटका बसला की आवाज वाढवायचा, लाकडावर काठी मारून बॅटचा आवाज काढायचा. डे मॉइन्सच्या डब्ल्यूएचओ रेडिओ स्टेशनवर शिकागो कब्सच्या मॅचेस अशाच सांगायचा रॉनल्ड रेगन, हो तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. एकदा तार तुटली तेव्हा त्याने बॅटरला फाउलवर फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारायला लावून कित्येक मिनिटं काढली, ही गोष्ट तो जन्मभर सांगत राहिला. तुमच्या आयोवातलीच गोष्ट आहे ही, आजोबांना नक्की माहीत असणार. १९३८ च्या ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलियात क्रिकेटलाही हेच केलं होतं, इंग्लंडहून तारा यायच्या आणि स्टुडिओत लाकडावर पेन्सिल मारली की बॅटला बॉल लागला.

डॅलसच्या गॉर्डन मॅकलेंडनने तर लिबर्टी नेटवर्कवर याच युक्तीवर ४०० हून जास्त स्टेशनं जोडली होती, १९५२ ला सगळं बंद पडेपर्यंत. याच्या अगदी उलट कॉमेंटेटर रेड बार्बर. तो खोटे आवाज वापरायचा नाही, तारयंत्राची टिकटिक मुद्दाम माइकवर ऐकू द्यायचा म्हणजे ऐकणाऱ्याला कळावं की हा मैदानावर नाहीये. मला बार्बरचं पटतं. पण मॅकलेंडनचे आवाज जे लोक तयार करायचे त्यांचं कसब बघितलं तर टोपी काढावीशी वाटते, कारण लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टेडियम ऐकलं ते त्यांनी बनवलेलं. लॉस एंजेलिसला डॉजर्स टीमची स्पॅनिश कॉमेंटरी १९५९ पासून २०२२ पर्यंत करणारा हाइमे हारीन, त्यानेसुद्धा सुरुवातीची काही वर्षं बाहेरगावच्या मॅचेस स्टुडिओत बसून इंग्लिश कॉमेंटरी कानात ऐकत स्पॅनिशमध्ये उभ्या केल्या.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२० आठवा. कोविडमुळे मैदानं रिकामी, सीझन ६० मॅचेसचा, आणि बाहेरगावच्या मॅचेसना रेडिओची टीम घरच्याच बूथमध्ये बसून टीव्हीचे मॉनिटर बघून कॉमेंटरी करायची. क्राउडचा आवाज एका व्हिडिओ गेमसाठी रेकॉर्ड केलेला, तो मैदानातच वाजवायचे. म्हणजे ग्रामोफोनवाला माणूस परत आला होता, फक्त तबकडीच्या जागी टॅबलेट. ज्यांना फटक्याबरोबर आवाज वाढवायचं टायमिंग होतं त्यांच्या मॅचेस ऐकाव्याशा वाटल्या, बाकीच्यांच्या बंद कराव्याशा वाटल्या.

ट्रान्झिस्टरबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९५८ ला डॉजर्स ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला आले ते कोलिझियममध्ये, नव्वद हजारांच्या वर लोक मावतील एवढं प्रचंड मैदान, मागच्या रांगेतून काही दिसायचं नाही, म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले आणि मैदानात बसून डॉजर्सचा कॉमेंटेटर विन स्कलीलाच ऐकायला लागले. हजारो ट्रान्झिस्टर एका वेळी. स्कलीचा आवाज पूर्ण स्टँडमधून घुमत क्राउड माइकमध्ये परत शिरायचा, ही इंजिनिअरची डोकेदुखी. १९६० मध्ये स्कलीने अंपायर फ्रँक सेकोरीचा वाढदिवस आहे म्हणून रेडिओवरून सांगितलं आणि त्याने तीन म्हटल्यावर सगळं स्टेडियम 'हॅपी बर्थडे फ्रँक' ओरडलं, मैदानावरच्या खेळाडूंना कळेना काय चाललंय! आणि ९ सप्टेंबर १९६५, डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या टीमचा एकही बॅटर बेसवर पोचला नाही. शेवटचा स्ट्राइक झाला आणि स्कली ३८ सेकंद एक शब्द बोलला नाही. लोक स्कलीचं कौतुक करतात, केलंच पाहिजे. पण ते रेकॉर्डिंग शोधून हेडफोन लावून ऐका, ३८ सेकंद जे ऐकू येतं ते कोणीतरी माइक लावून, लेव्हल सांभाळून तिथे ठेवलंय म्हणून ऐकू येतं.

याच ट्रान्झिस्टरमुळे पुढे एक अडचण झाली. एचडी रेडिओ, म्हणजे त्याच स्टेशनचा डिजिटल आवाज, आला तेव्हा डिजिटल आवाज तयार व्हायला आठेक सेकंद लागतात, आणि रिसीव्हर डिजिटलवरून ॲनालॉगवर उडी मारतो तेव्हा खटका बसू नये म्हणून ॲनालॉगही तेवढाच उशिरा सोडतात. आता मैदानात बसलेल्या माणसाने होम रन बघितला, उड्या मारून झाल्या, आणि कानात अजून पिचर बॉल टाकतोय! म्हणून इंजिनिअर मॅचपुरता तो उशीर काढून टाकतात, त्याला बॉलगेम मोड असंच म्हणतात. आज ॲपवर तर अर्ध्या मिनिटाचाही उशीर असतो. मैदानात बसून ऐकायचं तर अजूनही साधा एएम रेडिओच घेऊन जा, हे मी सगळ्यांना सांगतो.

तर आजोबांना काय विचारायचं. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं तर ते 'काही नाही गं, काम होतं' म्हणतील, या लोकांची सवयच तशी. वस्तूंवरून सुरुवात करा. क्राउड माइक कुठे लावायचे? मिक्सर कुठला, शुअरचा एम ६७ होता का? (असेल तर डोळे चमकतील.) लाइन कंपनीची की मार्टी? पहिल्या इनिंगच्या आधी लाइन मेली तर काय करायचे? संध्याकाळी पॉवर कोण उतरवायचं आणि फोन कोण घ्यायचं? कॉमेंटेटर चिडला की हाताच्या कुठल्या खुणा करायचा? वीज कडाडायला लागली की टॉवरपाशी कोण जायचं? बोलताना ते हात हलवून नॉब फिरवून दाखवतील, तेव्हा व्हिडिओ चालू असू द्या, नुसत्या आवाजात ते येणार नाही.

आणि टेपांना घाईने हात लावू नका. लहान स्टेशनांनी मॅचेस सहसा ठेवल्याच नाहीत, टेप महाग म्हणून त्याच्यावरच पुढची मॅच, त्यामुळे त्या खोक्यांमध्ये जे आहे ते बहुधा दुसरीकडे कुठेच नाही. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती जुनी ॲसिटेटची टेप, तिला उष्णता अजिबात नको, थंड कोरड्या जागी इतर टेपांपासून वेगळी ठेवा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काळी पाठ असलेल्या बऱ्याच टेपांचा चिकट थर सुटतो, मशीनवर लावली की किंचाळते आणि ऑक्साइड हेडवर खरवडून निघतं, तशी लावायचीच नाही. ती जाणकाराकडून साधारण ५४ सेल्सियसला काही तास हळूहळू तापवून घ्यावी लागते, मग थोडे आठवडे वाजते, तेवढ्यात डिजिटल करून घ्यायची. घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग नको. डब्यावर आजोबांच्या अक्षरात जे लिहिलंय त्याचे फोटो आधी काढा, टीम, तारीख, स्पीड, कोपऱ्यातली खूणसुद्धा, आणि त्यांना समोर बसवून विचारा की ही खूण कशाची. कॉपी झाल्यावर पहिली ऐकायला त्यांनाच द्या, हेडफोनवर. कुठल्या मैदानावरची मॅच आहे ते ते क्राउडच्या आवाजावरून सांगतील, तेवढं लगेच लिहून घ्या.